धुतलेलं तूप

माझं रूप चांगलं होतं. हे आता सांगायला हरकत नाही, कारण ते पाहिलेलं माणूस आता कुणी उरलेलं नाही.

माझं माहेर चांदवडचं. आई लवकर गेली, पण जाण्याआधी तिनं मला उटणं करायला शिकवलं होतं. मसुराची डाळ भाजायची नाही, नुसती उन्हात कडकडीत वाळवायची आणि जात्यावर दळायची. त्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, वाळलेल्या संत्र्याच्या सालींची पूड. हे सगळं वस्त्रगाळ करायचं आणि दुधात कालवून अंगाला लावायचं. आमच्याकडे हे दिवाळीपुरतं नव्हतं. न्हाणं असेल त्या दिवशी आई मला चौरंगावर बसवायची आणि मानेपासून घोट्यापर्यंत चोळायची. ती गेल्यावर मी माझं मीच करू लागले. लग्न होऊन नाशिकला तांबट आळीत आले तेव्हा माझ्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली त्या पुडीचा डबा होता. साल तेहतीस-चौतीसचं असावं. मी पंधरा वर्षांची होते.

सासूबाईंना माझं कौतुक होतं. आलंगेलं माणूस दिसलं की मला बाहेर हाक मारायच्या. "ही आमची सून. उजेडात ये गं जरा." मी उजेडात जाऊन उभी राहायची. हे, म्हणजे माझे यजमान, तोंडानं कधी काही बोलत नसत. पण बाजारातून संत्री आणली की माझ्यासमोर ठेवून म्हणत, "साली टाकू नकोस." एवढंच. त्या एवढ्यावर मी आठवडाभर खूश असायची.

आमच्या आळीत पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत ठोके पडायचे. पुढच्या दालनात भट्टी, मागं राहती जागा. हंडे, घंगाळी, बंब, सगळं हातानं मठारून, म्हणजे हातोडीनं ठोकून ठोकून, होत असे. त्या आवाजानं आळीतले पुरुष चाळिशीच्या आत कानांनी अधू होत. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, जवळजवळ ऐकूच येत नसे. बायकांनाही ओरडून बोलायची सवय. हळू बोलणं म्हणून काही त्या आळीत नव्हतंच.

तांबं तापवलं की त्यावर काळं पूट धरतं. ते सोडवायला दालनाच्या कोपऱ्यात दगडी टाकी होती, तिच्यात तेजाब घातलेलं पाणी असे. भट्टीतून लाल झालेलं भांडं चिमट्यात धरून त्या पाण्यात बुडवायचं, की पूट गळून तांबं उघडं पडायचं. टाकीतलं पाणी आटलं की भर घालायचं काम माझ्याकडे होतं.

त्या दिवशी मी कळशी घेऊन टाकीवर वाकले होते. हे भट्टीकडून वळले. चिमट्यात मोठं घंगाळ होतं, त्यामुळं त्यांना पुढचं दिसत नव्हतं. ते "सरक" म्हणाले म्हणे. मामंजींच्या हातोड्याखाली ते मला ऐकू आलं नाही. मी मान वर केली तेव्हा घंगाळ चिमट्यातून निसटून टाकीत पडलं होतं, आणि टाकीतलं पाणी माझ्या डाव्या गालावर, डोळ्यावर, मानेवर आलं होतं.

मामंजींनी हातोडा टाकला, रांजणाकडे धावले आणि रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं माझ्या तोंडावर ओतत राहिले. मी त्यांचे हात ढकलत होते, ते थांबले नाहीत. त्या पाण्यामुळं डोळा वाचला. हे मात्र चिमटा हातात धरून तसेच उभे होते. त्यांना कुणीतरी धरून बाहेर नेलं.

शेजारच्या बायकांनी मग आपापल्या परीनं उपाय केले. कुणी हळद थापली, कुणी चुना. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. दोन-चार दिवसांत हळदीखाली पू झाला आणि मला तापानं घेरलं. मग टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिथं किती दिवस होते ते मला नीट सांगता येणार नाही. पट्ट्या सोडवतानाची ओढ तेवढी आठवते. घरी पाठवताना डॉक्टर सासूबाईंना म्हणाले, "जखम भरलीय. पण ही कातडी तान्ह्या मुलासारखी आहे. ऊन लागू देऊ नका, कोरडी पडू देऊ नका. रोज चोळत चला, नाहीतर आवळत जाईल."

सासूबाईंनी घरातला आरसा काढून ठेवला होता. पण तांबटाच्या घरात आरसा काढून काय होणार? फडताळावर घासूनपुसून ठेवलेले हंडे होते, कळश्या होत्या. मी स्वयंपाकघरात पाय ठेवला आणि ओळीनं मांडलेल्या सगळ्या भांड्यांत मला मी दिसले. कुठं लांबट, कुठं फुगलेली. खरा आकार कोणता ते कळेना, पण डावी बाजू कशी झाली ते प्रत्येकात दिसत होतं. गाल लाल आणि गाठाळलेला. डोळ्याची खालची पापणी ओढली जाऊन आतला लाल भाग उघडा पडलेला. ओठाचा कोपरा मानेकडे खेचलेला.

मी पेटीतला डबा काढला. का काढला, कोण जाणे. आईचं उटणं आहे, आजवर यानं चांगलंच झालंय, एवढंच डोक्यात असावं. दुधात कालवून चिमूटभर गालाला लावलं मात्र, आणि तोंड भाताच्या आधणात बुडवल्यासारखं झालं. धुऊन काढलं तर बारीक कणांनी कातडी सोलवटून रक्त आलं होतं. डबा मी परत लुगड्यांखाली ठेवून दिला.

पण डॉक्टरांनी सांगितलेलं खरं होत होतं. कातडी दिवसेंदिवस आवळत चालली होती. सकाळी उठलं की तोंड उघडेना. भाकरीचा तुकडा आत जाईना, म्हणून मी ताकात भाकरी कुस्करून बोटानं आत ढकलायची. सासूबाई एकदा बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "असंच राहिलं तर पुढं पेजेवर जगशील." त्या रागानं बोलल्या नव्हत्या. हिशोब मांडावा तशा बोलल्या.

मग मी एकेक करून पाहू लागले. खोबरेल लावलं तर गालाला खाज सुटायची आणि झोपेत नखं लागायची. साय लावली तर ती वाळून आंबूस वास यायचा, माशा बसायच्या. परसात फुटक्या घागरीत कोरफड होती. तिचं पान कापून तसंच लावलं, तर पिवळ्या चिकानं आग झाली. पुढं कळलं की पान कापून उभं ठेवायचं, चीक गळून जाऊ द्यायचा, मग आतला गर घ्यायचा. तो थंड लागायचा, पण वाळला की ओढ आणखी वाढायची. त्याच्यावर काहीतरी स्निग्ध हवं होतं.

तेव्हा मला आईच्या टाचा आठवल्या. थंडीत तिच्या टाचांना भेगा पडत, रक्त येई. ती तांब्याच्या ताटलीत चमचाभर तूप घ्यायची, वर पाणी घालायची आणि तळव्यानं घोळत राहायची. पाणी गढूळ झालं की ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, पुन्हा घोळायचं. हात भरून येईपर्यंत. शेवटी तुपाचा वास जातो, रंग जातो, आणि लोण्याहून पांढरं, हलकं असं काहीतरी ताटलीत उरतं.

मी सासूबाईंकडे तूप मागितलं.

"कशाला?"

"तोंडाला लावायला."

"तूप खायचं का तोंडाला फासायचं?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पुढच्या दालनातले ठोके थांबले. मामंजींना शब्द कळले नसतील, पण ते आत आले, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "दे." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक उथळ ताटली ठोकून माझ्यापुढं ठेवली.

तेव्हापासून माझा नेम ठरला. सकाळी उकळून गार केलेल्या पाण्यानं तोंड धुवायचं, तेही बोटांनी न घासता, नुसतं ओंजळीतून सोडून. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं टिपायचं. मग धुतलेलं तूप, आणि बोटाच्या पेरानं दाब. ओठाच्या कोपऱ्यापासून कानाकडे, मानेपासून वर, पापणीखालून हळूच वर. आधी डोळ्यांतून पाणी यायचं, मग सुन्न व्हायचं, मग कातडी किंचित सैल पडायची. उन्हात निघायचं झालं तर पदर डोळ्यांपर्यंत ओढून. संध्याकाळी कोरफड आणि परत तूप. उटणं नाही, हळद नाही, पीठ नाही. चुलीमागच्या माझ्या कोनाड्यात एवढंच असे.

त्यानं रूप आलं नाही. येणार नव्हतंच. पण पावसाळा संपता संपता एक दिवस भाकरीचा तुकडा न कुस्करता तोंडात गेला. मी तो चावत बसले, गिळायचं जिवावर आलं होतं. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

हे माझ्याकडे पाहत नसत. जेवायला बसले की पाट भिंतीकडे तोंड करून मांडायचे. झोपायला पुढच्या दालनात जायचे. माझा उजवा गाल पहिल्यासारखाच होता, मी वाढताना मुद्दाम त्या बाजूनं जायची. ते तिकडंही पाहत नसत. आधी मला वाटलं, किळस येत असेल. पुढं मला समजलं की चिमटा त्यांच्या हातातला होता, आणि माझं तोंड दिसलं की त्यांना तोच दिसत असणार. समजलं म्हणून माझं काही हलकं झालं नाही.

वर्षभरात सासूबाईंनी दुसऱ्या लग्नाचं काढलं. ही गोष्ट माझ्यापासून लपवायची असं त्यांनी ठरवलं असावं, पण आमच्या घरात लपवणार कशी? मामंजींच्या कानाशी त्या ओरडत होत्या. "सायखेड्याची पोरगी आहे! गरीब आहेत! सवतीवर द्यायला तयार आहेत!" समोरच्या घरातल्या बाईनं भाजी निवडता निवडता माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

चांदवडहून बाबा आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. मी पदर सरकवला. त्यांनी माझं तोंड तोवर पाहिलं नव्हतं. बराच वेळ ते हातातल्या टोपीकडेच बघत राहिले.

"मला घेऊन जायला आलात का बाबा?" मी विचारलं.

"नेलं असतं गं." मग म्हणाले, "धाकटीचं जमत आलंय. तू घरात दिसलीस तर ते लोक काय म्हणतील? टाकलेली मुलगी घरात आहे म्हणतील."

"मग जाऊ दे."

"इथं तुला खायला-ल्यायला मिळतंय ना?"

"मिळतंय."

"मग झालं." असं म्हणून ते रडू लागले. मी त्यांना आणखी पाणी आणून दिलं. जेवायला ते थांबले नाहीत, गाडी चुकेल म्हणाले.

लग्नाच्या आधी सासूबाई माझ्याकडे आल्या. उंबऱ्यावरच थांबल्या. म्हणाल्या, "हळद आणि उटणं तूच करून दे. तुझ्या हातचं चांगलं होतं."

"करते," मी म्हटलं.

डाळ वाळवली, जात्याशी बसले. फडताळात बिब्बे होते. बिब्ब्याचं तेल थेंबभर जरी उटण्यात पडलं, तर अंगावर फोड उठतात, डाग जन्मभर जात नाहीत. ते माझ्या मनात आलं. आलं ते लगेच गेलंही नाही, दळून होईपर्यंत होतं. मग मी पीठ वस्त्रगाळ केलं, वाटीत भरलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. हळद लावायला मला बोलावलं नाही. मी आत बसून आंघोळीचं पाणी तापवत होते.

ती आली तेव्हा चौदाचीही नसावी. काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची, सारखी दचकणारी. मला पाहून ती दोन पावलं मागं सरली. त्यात तिचा काय दोष? सासूबाईंनी तिला भांड्यांच्या कामाला लावलं. विकायची भांडी चिंच आणि विटेच्या पुडीनं घासायची असत, सकाळभर. पंधरा दिवसांत तिचे हात फुटले. बोटांच्या बेचक्यांतून रक्त यायला लागलं, त्यात चिंच लागली की ती ओठ चावायची, पण आवाज काढत नसे.

मी तिला कोनाड्यापाशी बसवलं. "हात पुढं कर."

तिनं हात मागं घेतले.

"तूप आहे. आग नाही होणार."

मी तिचे हात धुतले, टिपले, तूप लावलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "अक्का, तुमचं दुखतंय का अजून?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "दुखत नाही," मी म्हटलं. "ओढतं."

"हाताला लावते मी रोज. मला शिकवा ते घोळायला."

मग ती रोज येऊ लागली. ताटली मांडीवर घेऊन घोळत बसायची आणि सायखेड्याचं सांगायची. नदीकाठची वांगी, भाऊ, गाय. मी ऐकायची. तिच्यावर मला माया होती असं म्हणणं सोपं आहे. कधी कधी हे दालनातून तिला हाक मारत, ती उठून जाई, आणि ताटली माझ्यापुढं तशीच राही, तेव्हा मला तिच्याबद्दल काय वाटे ते मी सांगणार नाही.

एकदा मी परसातून आत आले तर ती कळशी घेऊन टाकीशी वाकलेली. हे भट्टीपाशी, चिमटा हातात. माझं काम आता तिच्याकडे दिलेलं होतं, कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. तिच्या हातातली कळशी घेतली आणि पदर पूर्ण मागं टाकला.

"हिनं टाकीपाशी यायचं नाही," मी म्हटलं.

हे खाली बघत होते.

"इकडं बघा," मी ओरडले. त्या आळीत बायका रोज ओरडत, पण नवऱ्यावर असं कुणी ओरडलं नसेल. शेजारपाजारचे ठोके थांबले. "इकडं बघा आणि मग तिला उभी करा."

त्यांनी पाहिलं. तोंड भाजल्यापासून पहिल्यांदा. किती वेळ पाहिलं कोण जाणे. चिमट्यातलं भांडं लालाचं काळं पडलं. मग ते त्यांनी परत भट्टीत ठेवलं आणि बाहेर निघून गेले. संध्याकाळी आले ते टाकीच्या कडेनं पत्र्याचा आडोसा उभा करू लागले. त्यानंतर पाण्याची भर ते स्वतः घालत. माझ्याशी बोलले मात्र नाहीत. पाट भिंतीकडेच राहिला.

ती पहिलटकरीण म्हणून सायखेड्याला गेली. जाताना तुपाची डबी मागून घेतली. "पोटाला लावीन," म्हणाली, "कातडी तडतडतेय." श्रावणात निरोप आला. मूल आडवं होतं. सुईणीनं पुष्कळ खटपट केली, नदीला पूर म्हणून नाशिकला आणता आलं नाही. दोघंही गेली. निरोप्या ओसरीवर उभा राहून सांगत होता आणि मामंजी पुन्हा पुन्हा विचारत होते, "काय? काय म्हणतो?" शेवटी सासूबाईंना त्यांच्या कानाशी ते ओरडून सांगावं लागलं.

तिसरं लग्न झालं नाही. सासूबाईंनी काढलं होतं, पण यांनी नकाराची मान हलवली आणि दालनात गेले. मग वर्षं नुसती गेली. मामंजी गेले, सासूबाई गेल्या. घरात आम्ही दोघंच, आणि ठोके.

एका थंडीत हे जेवून उठले आणि गेले नाहीत, दारात उभे राहिले. तेजाबानं त्यांची बोटं काळी पडून उलली होती, घास घेताना मला दिसत होतं.

"ते तूप," ते म्हणाले. "थोडं असलं तर."

मी कोनाड्यातून वाटी काढली आणि त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवली. लावून दिलं नाही. ते तिथंच बसले आणि स्वतःच बोटांना लावू लागले. फार घेतलं होतं, कोपरापर्यंत ओघळलं. कसं लावायचं ते त्यांना माहीत नव्हतं. मी भांडी आवरायला घेतली.

आळीतल्या बायका पुढं माझ्याकडे येऊ लागल्या. कुणाचं पोर चुलीवर भाजलं, कुणाच्या टाचा फुटल्या, कुणाच्या सुनेच्या हाताला चिंच लागली. मागच्या दारानं येत, वाटी पदराखाली घेऊन. मी धुतलेलं तूप देत असे आणि घासू नका, नुसतं टिपा, असं सांगत असे. बऱ्या झाल्या की भेटायला येत, चार शब्द बोलत. लग्नकार्य असलं तर उटणं करायलाही बोलावत. दळून झालं की मी घरी यायची. हळद लावायला थांब, असं मला कुणी म्हटलं नाही.